मधल्या पट्ट्याची माती

१२ मे. उद्या सकाळी सातला जेसीबी येणार, म्हणून आज शेतात चुन्याच्या फक्कीने रेघा मारून ठेवायच्या होत्या. फक्की न्यायला घमेलं हवं होतं. गोठ्यात कडब्याच्या पेंढ्यांमागे हात घातला आणि काढलं. शोधावं लागलं नाही. तिथं ते मीच लपवलं होतं.

घमेलं मामाजींचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं. उभ्या आयुष्यात दारूचा थेंब न चाखलेला हा माणूस फ्रान्समधल्या बर्गंडीच्या द्राक्षमळ्यांवर तासभर बोलायचा, समोर कोणी ऐकत असो वा नसो. अकोल्याला माती तपासण्याच्या प्रयोगशाळेत त्यांची नोकरी झाली. तिथल्या रद्दीत त्यांना या मळ्यांवरचं एक इंग्रजी पुस्तक सापडलं, आत घडीचा नकाशा. नागपूरच्या पलीकडे न गेलेल्या मामाजींना त्या नकाशावरचा एकेक बांध पाठ होता. निवृत्त होऊन ते चिखलदऱ्याच्या डोंगराखालच्या आमच्या संत्र्याच्या बागेत राहायला आले, तेव्हा ट्रंकेत तीन धोतरं आणि तो नकाशा होता.

मी तूर निवडत बसले की ते समोर खाट ओढायचे. "सूनबाई, तिथं उतार हाय, आपल्यासारखाच. वर नुसता दगड, खाली भारी जमीन. राजा कोन? मंधातला पट्टा. द्राक्ष एकाच जातीचं, शेजारी शेजारी लावलेलं, पण धुरा ओलांडला का दारू बदलते. अन् पहिला नंबर मालकाले नाई भेटत, जमिनीच्या तुकड्याले भेटते."

"मंग मालक काय करते?"

"राखन करते."

आमचंही शेत तसंच. वर मुरूम, खाली काळी चिकण, मधे चुनखडी मिसळलेली हलकी जमीन. हंगामात ते तिन्ही पट्ट्यांतलं एकेक संत्रं सोलून आणायचे. "डोये मीट. चाखून पाह्य." मला कामं असायची. पटकन सुटका व्हावी म्हणून मी काहीही सांगून मोकळी व्हायचे. चौथ्या वर्षी लक्षात आलं, आपण चुकत नाही. मधल्या पट्ट्यातलं संत्रं आधी गोड लागायचं, मग आंबट, आणि गिळल्यावरही बराच वेळ जिभेवर बसून राहायचं. हे मी त्यांना बोलून दाखवलं नाही.

एकदा परदेशात असलेल्या भाच्याने त्यांना खरोखरची बर्गंडीची बाटली आणून दिली. "ऐंशी पुरे झाले का एक चमचा घेईन. देवाले सांगून ठेवलं हाय," असं त्यांनी जाहीर केलं. तोवर बाटली त्यांनी जिवापाड जपली. खिडकीत उभी ठेवली, भोवती गोणपाट गुंडाळलं आणि उन्हाळ्यात रोज दुपारी माठासारखं त्यावर पाणी शिंपडलं. असे सात उन्हाळे. ऐंशीव्या वाढदिवशी बूच काढायला गेलो तर त्याचा भुगा झाला. घरभर सिरक्याचा वास. मामाजींनी तरीही चमचा तोंडात घेतला. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो.

"यात बर्गंडी नाई राह्यली," ते म्हणाले. "आपल्या उन्हायाची चव आली याले."

हसले ते. मग बाटलीचं गोणपाट सोडून त्याची घडी घातली. अशी बाटली आडवी, थंड अंधारात ठेवायची असते, हे भाच्याने मला नंतर सांगितलं. मी ते माझ्यापाशीच ठेवलं.

त्या पुस्तकात त्यांनी आणखी एक वाचलं होतं. पावसाने उतारावरची माती वाहून खाली आली की तिथले शेतकरी ती टोपल्यांत भरून परत वर नेतात. म्हणून दरवर्षी दिवाळीनंतर मामाजी खालच्या बांधाशी साचलेली माती घमेल्यात भरून मधल्या पट्ट्यात नेऊन टाकायचे. रस्त्यावरून जाणारे ओरडायचे, "काहून बाप्पा, यंदाही माती फिरवून राह्यले का?" मामाजी घमेलं डोक्यावरून न उतरवता म्हणायचे, "तिची जागा चुकली, पोहोचवून देतो."

ऐंशी संपल्यावर डॉक्टरांनी वजन उचलायला मनाई केली. ते ऐकणाऱ्यातले नव्हते. मी घमेलं लपवलं.

"सूनबाई, माहं घमेलं कुठी हाय?"

"मले काय ठाऊक?"

त्या दिवशी चार वाजता ते चहाला आले नाहीत म्हणून मी बघायला गेले. खालच्या धुऱ्याला, म्हणजे बांधाला, टेकून बसले होते. काठी बाजूला, मांडीवर दुपट्टा, दुपट्ट्यात गाठ मारलेली माती. गेले होते. ती गाठ सोडवायला मला वेळ लागला. माती मी तिथंच, खालच्या बांधाशी, झटकून टाकली. माणसं बोलवायची होती, घाई होती.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण त्यांच्या काठीला लोखंडी टोक होतं. दोन ठोके, मग थांबणं, अशी त्यांची चाल. चारच्या सुमाराला ते दोन ठोके धुऱ्याकडून ऐकू येतात. पंपाचा व्हॉल्व्ह वाजत असेल म्हणून मी तो बदलून घेतला. ठोके तसेच.

यंदा वरची आणि खालची झाडं डिंक्या रोगाने वाळली, काढून टाकली. मधली चाळीस अजून फळ धरतात. अकोल्याला असलेला माझा नवरा फोनवर म्हणाला, तीही काढू, तिन्ही पट्टे एक करू, सपाट शेताला पाणी सारखं बसतं. बरोबर होतं. मीही हो म्हटलं. आज रेघा मारताना ठोके आले. मी हात थांबवला नाही. शेवटची रेघ मधल्या झाडांच्या बुंध्यांवरून गेली.

१३ मे. सकाळी सहालाच शेतात गेले आणि ती रेघ पायाने पुसली. जेसीबीवाला म्हणाला, "काकू, एवढाच तुकडा काहून सोडता? एका दणक्यात सपाट करून देतो."

"वरचं कर, खालचं कर. याच्या धुऱ्याले हात लावू नको."

नवऱ्याला फोन करून सांगितलं, मधला पट्टा राहील. तो म्हणाला, "काहून?" म्हटलं, "राखायचा हाय."

मग जिथं दुपट्टा झटकला होता तिथली माती घमेल्यात भरली आणि वर नेली. अकरा खेपा झाल्या. घमेलं धुतलं आणि दारासमोर पालथं घातलं, येता-जाता कुणालाही दिसेल असं.