निळ्या टिकलीची कॅसेट

मासिकांत असे अनुभव येतात ते मी वाचते आणि पान उलटते. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही म्हणाल तर नाही. हे कुठे पाठवायचं नाही. माझ्यापुरतं लिहून ठेवते.

शहाऐंशीच्या आसपासची गोष्ट. यांची बदली जयपूरला होती. छावणीजवळ, टोंक रोडला आमच्या घरमालकांचं लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. दुपारी मी तिथे कॅसेटी लावून ठेवायला जायची. शिक्षण चौथीपर्यंत, इंग्रजी येत नाही, म्हणून मी कॅसेटींवर टिकल्या चिकटवायची. हळदीला पिवळी, लग्नाला लाल, आणि पुसून परत वापरायची तिला निळी. "भाभीजी, आपकी बिंदी देखकर ही मशीन चलाता हूँ," मालक म्हणायचे.

माझ्या धाकट्या बहिणीचं, शालनचं लग्न तिथेच झालं, यांच्या युनिटमधल्या मुलाशी. आई साताऱ्याला अंथरुणाला खिळलेली, तिला येता आलं नाही. मालकांनी शूटिंग करून दिलं म्हणून फोटोवाला सांगितलाच नाही. सगळं लग्न एका कॅसेटमध्ये. सुट्टीत गावी नेऊन आईला दाखवायचं ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी दुकानात आम्ही ती पाहिली. शालन म्हणाली, "अक्का, माझं नाक केवढं दिसतंय गं."

कॅसेटवर मी लाल टिकली लावली. दुसऱ्या दुपारी पाहते तर निळी. वाटलं, माझीच चूक. बदलली. तिसऱ्या दिवशी परत निळी... मालकांना विचारलं तर हसले. "मैं क्यों लगाऊँगा? मतलब, मैं बिंदी लगाता हूँ क्या?"

मग मी कॅसेटची मागची पट्टी मोडली. ती मोडली की वर दुसरं काही भरता येत नाही. पुन्हा लाल टिकली लावून कॅसेट घरी ट्रंकेत ठेवली, किल्ली मंगळसूत्राला. हे म्हणाले, "टिकल्या चिकटवून चिकटवून डोक्यात रंग गेलाय तुझ्या."

पंधरा दिवसांत शालन गेली. कावीळ झाली, चार दिवसही काढले नाहीत. आईने शेजारणीकडून पत्र लिहून घेतलं – एकदा तिला नवरी झालेली दाखव, मग मी काही मागणार नाही.

ट्रंक उघडली. कॅसेटवर निळी टिकली.

तशीच दुकानात नेली. हेही आले. पडद्यावर नुसत्या मुंग्या. मालकांनी पट्टी बघितली, मोडलेलीच होती. मशीन बदललं, पुढे-मागे केलं. चित्र कुठेच नाही. मध्येच एकदा आवाज आला, माझाच –

"शालन, रडू नको गं. आई बघणार आहे."

मग तोही गेला.

गावी जाऊन आईला सांगितलं, कॅसेट खराब निघाली. तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या पावसाळ्यात तीही गेली.

हे कसं झालं याचा मी विचार करणं सोडलं. आता डोळे मिटले तरी शालनचा चेहरा नीट दिसत नाही.