बांगड्या वाजेपर्यंत

शेलूबाजारच्या इंद्रभान सुताराचा डावा पंजा बैलबंडीच्या चाकाखाली सापडला, ते साल एकोणीसशे चौतीसचे. बोटे राहिली, पकड गेली. बंड्यांची कामे दुसरीकडे वळली आणि त्याच्याकडे उरले लहान काम: तान्ह्या पोळ्याला पोरे मिरवतात ते लाकडी बैल. लाकूड जितके लहान तितके ते धरणे अवघड, हे त्याच्या हाताला तेव्हा उमगले.

जुन्या बंडीच्या फळ्यांचे त्याने मेज केले, फटीतून गोल करवत वर काढली आणि शिवणयंत्राच्या पायट्याने ती फिरवू लागला. लांब फळी आपल्या वजनाने मेजावर बसे. बैलाच्या पायाएवढा तुकडा मात्र करवतीचे दात लागताच उडे. म्हणून त्याची बायको सुंदरबाई समोर बसून तुकडे धरी. तो पाय मारी, आणि जीव तिच्या बोटांपाशी टांगलेला असे.

पोळा तोंडावर आला असताना एक तुकडा असाच उसळून तिच्या मनगटावर आदळला. बांगडीची काच खळकन खाली पडली.

“फुटली!” करवत थांबवीत इंद्रभान ओरडला.

“असं बोलू नोका,” ओरखड्याकडे न पाहता ती म्हणाली. “वाढली म्हना.”

“बरं, वाढली. आता बाकीच्याई उतरव. दातात अडकल्या तं हात ओढून नेईन थे.”

“तुमी जिते बसले असताना मी हात रिकामा कायले करू?”

“मंग तुकडे धरू नको.”

“मी नाई धरत तं कोन धरते? तुमचा तो पंजा?”

बोलून गेल्यावर तिने जीभ चावली. इंद्रभान उठला. त्याने मेजावरचा भुसा झाडला आणि पायट्यावरची वादी उतरवून ठेवली.

पुढे काही दिवस करवत फिरलीच नाही. त्याने सागाच्या हातभर लांब दोन पट्ट्या घेतल्या, मध्यावर एकत्र बांधल्या. मागच्या टोकांमध्ये पाचर ठोकली की या चिमट्याचा पुढचा जबडा मिटे. लाकूड सरकू नये म्हणून जबड्याला आतून जुन्या वहाणेचे कातडे लावले. चिमटा सरळच जावा म्हणून मेजात एक खाच पाडली.

“हे घे,” तो म्हणाला. “आता तुहे हात दूर राह्यतीन. बांगड्या राहू दे.”

सुंदरबाईने चिमटा उलटसुलट करून पाहिला. बैलाचा पाय जबड्यात घालून तिने पाचर ठोकली आणि लाकूड ओढून पाहिले. ते हलले नाही. मग तिने नवऱ्याचा डावा पंजा उचलून चिमट्याच्या मागच्या टोकावर ठेवला.

“याले धरा लागत नाई,” ती हळूच म्हणाली. “नुसतं पुढं लोटा लागते.”

त्याने पंजाने चिमटा खाचेतून पुढे लोटून पाहिला.

“मंग तू काय करशीन?”

“पाचर ठोकीन. अन् तुमच्या बैलायले नावं ठेवीन. मागच्या साली एक तं बकऱ्यावानीच झाला होता.”

तो हसला, पण पाय मारीना. नजर करवतीवरच होती.

“हात मागं घेतला का?”

तिने मनगट कानापाशी नेऊन हलवले. “वाजल्या ना? आता तं चालवा!”