परतावा विचारू नका

मागच्या महिन्यात मेहकरला एका कार्यशाळेत मला उभं राहायला सांगितलं. पडद्यावर आलेख होता. मुलींच्या शिक्षणात गुंतवणूक केली की देशाचं उत्पन्न कसं वाढतं, ते त्यात दाखवलं होतं. बोलणारे साहेब म्हणाले, "परतावा बघायचा तर लांब कशाला जायचं? आपल्या या कृषी सहायक मॅडमच बघा." सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मी उभी राहिले आणि म्हणाले, "माझं उदाहरण देऊ नका, साहेब." साहेब हसले. त्यांना तो विनय वाटला. विनय कसला, मला राग आला होता.

हा राग जुना आहे, माझी दहावी झाली त्या उन्हाळ्यातला. आमचं गाव जानेफळपासून आत. मला विज्ञान घ्यायचं होतं आणि त्यासाठी रोज एसटीनं मेहकरला जायचं होतं. घरात शब्द चालायचा तो मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. ते म्हणाले, "दहावी लय झाली. पोरीले शिकवून आपल्याले काय भेटते?" वडील त्यांच्यापुढे कधी तोंड उघडत नसत, तेव्हाही उघडलं नाही. मला दोघांचाही सारखाच राग आला.

पेरणी तोंडावर होती. आमच्या घराला सवय ज्वारीची. ज्वारीचं पोतं आपटा, त्यावर चढा, आढ्यापर्यंत थप्पी लावा, दाण्याला काही होत नाही. वावरात सोयाबीन आलं तरी मोठ्या बाबांचे हात ज्वारीचेच राहिले. बियाण्याचे कट्टे ते खांद्यावरून धाडकन टाकत, एकावर एक दहा रचत आणि वर बसून तंबाखू मळत. सोयाबीनचं साल पातळ. आतला कोंब मुका मार खातो आणि दाणा वरून टपोराच दिसतो. हे आम्हाला शाळेत विज्ञानाच्या बाईंनी शिकवलं होतं. माझ्या मायला ते कुणी न शिकवताच कळलं होतं. तिनं दोन कट्टे थप्पीत जाऊच दिले नव्हते, फळीवर शेजारी शेजारी आडवे ठेवले होते.

बाईंनी शिकवलं होतं तसं मी केलं. थप्पीतले शंभर दाणे आणि फळीवरचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळीत मांडले, गुंडाळी केली आणि पाण्याच्या माठाजवळ ठेवून रोज शिंपडत राहिले. आठवड्यानं उघडलं. थप्पीतले एकेचाळीस उगवले होते, मायचे ब्याऐंशी.

मोठ्या बाबांना दाखवलं तर म्हणाले, "गोणपाटावर शेती होते काय वं?" मी तेव्हाही मुकाट बसणारी नव्हतेच. म्हटलं, "रस्त्याकडनं तुमचं बियाणं पेरा, विहिरीकडनं मायचं. माह्यं खरं निघालं तर मी मेहकरले जाईन." शेजारचे दोघंतिघं ऐकत होते, म्हणून त्यांना मागं हटता येईना. "हाव, जाय," म्हणाले आणि हसत निघून गेले.

पेरणीनंतर आठ-दहा दिवसांत विहिरीकडची तासं, म्हणजे पेरणीच्या ओळी, हिरवी भरून आली. रस्त्याकडची टकलं पडल्यासारखी दिसत होती. येणारा-जाणारा थांबून बघत होता. संध्याकाळी मोठे बाबा ओट्यावर बसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी कामाची निघाली. अशी पोरगी मेहकरले काऊन पाठवता? घरीच ठेवा. पुढच्या साली बियाणं तीच पाहीन."

वडिलांनी होकाराची मान डोलावली. मी थिजलेच. हरले असते तर बिनकामाची म्हणून घरी, जिंकले तर कामाची म्हणून घरी. प्रवेशाची मुदत दुसऱ्याच दिवशी संपत होती. इतकी वर्षं झाली, पण त्या 'कामाची' या शब्दाचा कडवटपणा अजून माझ्या तोंडात आहे.

माय मोठ्या बाबांशी थेट बोलत नसे. आमच्याकडे थोरल्या दिरासमोर बाई पदर ओढून भिंतीकडे तोंड करते. तिनं तेच केलं आणि भिंतीला सांगितलं, "तिचं बियाणं उगवलं नसतं तरी ती गेली असती. सकाळी मी तिले बसमध्ये बसवून देईन."

सकाळी मायनं मला बसमध्ये बसवून दिलं. मी विज्ञान घेतलं. पुढचं साहेबांच्या आलेखात बसत नाही, कारण अकरावीला मी भौतिकशास्त्रात नापास झाले. निकालाच्या दिवशी मोठे बाबा दारातच होते. "मंग? काय भेटलं?" त्यांनी विचारलं. दाखवायला हिरवी तासं नव्हती, ब्याऐंशी कोंब नव्हते. मी खरोखरच बिनकामाची ठरले होते.

कार्यशाळेत साहेबांना मला हेच विचारायचं होतं, पण तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या. ज्या मुलीचा परतावा येणार नाही, तिला तुम्ही पाठवाल का? आज गावोगाव बियाणं तपासायला शिकवते तेव्हा एखादा बाप विचारतोच, पोरीले शिकवलं तर वावराले फायदा किती? मी त्याला सरळ सांगते, काहीच नाही होणार असं धरून पाठवा.

निकालानंतर फेरपरीक्षेच्या तासांना पुन्हा मेहकरला जायचं होतं. पहिल्या सकाळी मी गोधडी तोंडावर ओढून पडून राहिले. मायनं भाकरी थापल्या, डबा बांधला आणि माझ्या उशाशी आणून ठेवला. किती मार्क पडले, हे तिनं त्या दिवशीही विचारलं नाही आणि पुढं कधीच विचारलं नाही.

"ऊठ," ती म्हणाली. "बस निघून जाईन."