खैरुद्दीनच्या हिरड्या

नाव: खैरुद्दीन कमरुद्दीन. मूळ जिल्हा: रत्नागिरी. हुद्दा: आचारी, मजुरांची मेस, तेल कंपनीचा तळ, अबू धाबीचं वाळवंट. सन: १९६५. ओळखखूण: डाव्या मनगटावर भाजल्याचा डाग. प्रकृती: कामास योग्य. शेरा: सदर इसम स्वखुशीने कामावर आहे.

या स्वखुशीचे अजून चौदा महिने शिल्लक होते. लेकीचा, अजराचा, निकाह मात्र ईदनंतरच्या दुसऱ्या जुम्म्याला ठरला होता. मुदतीआधी तळावरून दोघांनाच जाता येई: मेलेल्याला, आणि डॉक्टरने ‘अनफिट’ लिहिलेल्याला. खैरुद्दीनने दुसरा मार्ग धरला.

तशी सुरुवात आपोआपच झाली होती. डबाबंद खाऊन खाऊन त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागलं होतं. महिन्यातून एकदा येणाऱ्या डॉक्टरने बॅटरी मारून तोंड पाहिलं.

“लोखंडाला गंज चढतो ना? शरीरालाही चढतो. सी व्हिटॅमिन तो धरू देत नाही. रोज गोळी घे, आठवड्याचं संत्रं चुकवू नकोस. पुढच्या खेपेला असंच दिसलं, तर घरी पाठवावं लागेल.”

यातलं शेवटचं वाक्य खैरुद्दीनने पाठ केलं. गोळ्या वाळूत गेल्या. संत्रं हाताखालच्या जहूरच्या पोटात.

“गंजलात का, खैरूभाई?” जहूर रोज विचारी.

“गंजतोय. तू संत्रं खा नि गप बस.”

गोळी सुटली, संत्रं सुटलं. पण स्वयंपाकघरामागे तुपाच्या रिकाम्या डब्यांत गावच्या बियांची मिरची होती. तांदळाच्या धुवणावर पोसलेली ती रोपं नेमकी त्याच महिन्यात लगडली. तळावरची डाळ घशाखाली उतरवायची, तर कोकणच्या माणसाला कच्ची मिरची चावायला हवीच. जेवणागणिक पाच-सहा जात. मिरचीला औषध कोण म्हणतो?

डॉक्टरने हिरडी दाबली. रक्त आलं नाही.

“नीट दाबा, साहेब.”

“दाबली. गोळ्या लागू पडल्या.”

“गोळ्या खाल्ल्याच नाहीत हो मी!” खैरुद्दीन घाबरून खरं बोलला.

“मग काय खातोस?”

त्याने सांगितलं. डॉक्टर खो खो हसला. “अरे, तुझ्या पाच-सहा मिरच्या म्हणजे एक संत्रं!” आणि ‘फिट’ लिहून गाडीत बसला.

“आता मिरची सोडा,” जहूर म्हणाला, “पुढच्या महिन्याला बघू.”

“पुढच्या महिन्याला कोणाचा निकाह आहे रे?”

ठरल्या जुम्म्याला रत्नागिरीत अजराचा निकाह झाला. खैरुद्दीनने तळावर ऐंशी माणसांची डाळ केली.