गिऱ्हाइकाची ट्यूब

माझ्या कमरेला खाज सुटली तेव्हा आमच्या आंजी गावातली कुत्री माझ्याकडून खाजवायचे धडे घेत होती. बायको म्हणते, दोनच कुत्री होती. असोत. करगोट्याखाली रुपयाएवढा लाल गोल उठला होता, कडेला खवले, मधे साफ. गजकर्ण.

गावात औषधांचं दुकान माझ्या मित्राचं. पहिलीत आम्ही एका पाटीवर लिहायचो, म्हणून दोघांनाही अर्धंच येतं. त्यानं शर्टही वर करायला लावला नाही, सरळ ट्यूब पुढं सरकवली.

"लाव लेका. तीन दिवसांत इंद्राची कंबर होते तुयी."

झाली की! तिसऱ्या दिवशी खाज गायब. मी पलीकडच्या रोहणा गावापर्यंत त्याचे गोडवे गायले. ट्यूब थांबवली आणि आठवडाभरात गोल ताटाएवढा. पुन्हा गेलो, पुन्हा तीच ट्यूब. वर्षभर हेच. शेवटी पोटावर अख्खा देश पसरला आणि पाठीवर शेजारची राष्ट्रं.

आमच्या घरात दुपट्टा एकच. अंग त्यानंच पुसायचं, उन्हात डोक्याला तोच बांधायचा, तीन वर्षांच्या नातीचं तोंडही त्यानंच. एक दिवस तिच्या गालावर लाल रुपया उमटला. बायकोनं तिला माझ्या मांडीवरून उचललं.

"बरं होईस्तोवर तिले हात लावू नोका."

नात दारातून हात पसरायची. मी भिंतीकडं तोंड फिरवायचो.

तिला घेऊन आम्ही दोघं वर्ध्याला कातडीच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. माझी ट्यूब पाहून बाईंनी कपाळाला हात लावला.

"यात स्टेरॉइड मिसळलंय, काका. त्यानं आग आणि खाज निजते, म्हणून तुम्हाला बरं वाटतं. बुरशी मात्र निवांत वाढत जाते."

मग त्यांनी समजावलं. बुरशीच्या पेशीच्या आवरणाला एक खास चरबी लागते, ती माणसाच्या पेशीत नसते. खरी गोळी ती चरबी तयारच होऊ देत नाही. आवरण ढिलं पडतं, बुरशी खलास, आपली पेशी शाबूत. पण खाज थांबली म्हणून गोळी सोडायची नाही. बाई सांगतील तितके आठवडे घ्यायची. गोळी लिव्हरला जड, म्हणून आधी माझं लिव्हर तपासायचं. नातीला नुसतं मलम. आणि दुपट्टे प्रत्येकाचे वेगळे.

बाहेर आलो तर बाकावर, नंबर लावून, कोण? माझा मित्र.

"तू इथं काऊन बे?"

"मांडीले झालं," तो फरशीकडं पाहून म्हणाला.

"मंग तुयी ट्यूब?"

"ते गिऱ्हाइकाची असते, गड्या. लवकर आराम पडला का लोकं खूश."

"अन् मी कोण? मले काऊन नाई सांगतलं?"

"सांगणारच होतो. पण तू गावभर एवढं नाव करून राह्यलता माहं..."

मी जन्मभर तोंडाचा पट्टा चालवला. त्या दिवशी मात्र ट्यूब त्याच्याशेजारी बाकावर ठेवली आणि बसकडं चालू लागलो.

गोळ्या आठवडेच्या आठवडे घेतल्या, खाज गेल्यावरही. कंबर आता खरोखर इंद्राची आहे. इंद्र जरा ढेरपोट्या असेल तर. नातीचा गाल साफ झाला, ती माझ्या मांडीवर परत आली, तिचा वेगळा छोटा दुपट्टा खांद्यावर टाकून.

तो दुकानातून अजून हाक मारतो, "चहा घ्याले येजो!" मी नातीचं बोट धरून रस्त्याच्या पलीकडून जातो. परवा डोकं दुखलं तर एका गोळीसाठी वर्ध्याची बस पकडली.