नाव न सांगणारी मुलगी

ती घटना आठवली की आजही आधी छातीत धस्स होते आणि मग जीव भांड्यात पडतो. सोलापुरातल्या एका ठाण्याचा मी वरिष्ठ निरीक्षक होतो आणि निवृत्ती अगदी तोंडावर आली होती. शेवटचे दिवस शांततेत जावेत एवढेच मनात होते, पण पोलिसाच्या मनाला विचारतो कोण!

एके दुपारी खबऱ्याचा फोन आला. सात रस्ता चौकात तरुण जमत होते आणि विद्यापीठावर मोर्चा नेणार होते. कारण होते मोबाइलवर फिरणारी एक चित्रफीत. तीत एक विद्यार्थिनी ठासून म्हणत होती, "उपाशी माणसाला संविधान काय कामाचं? आधी भाकरी द्या, बोलण्याचे हक्क गुंडाळून ठेवा!"

बंदोबस्त लावून मी मोर्च्याच्या म्होरक्याला ठाण्यात बोलावले आणि चहा पाजला. भवानी पेठेतला पोरगा, डोक्याने गरम पण सरळ. "साहेब, संविधानाच्या त्या पुस्तकामुळं आमी माणसात आलो. गुन्हा नोंदवा, न्हायतर आमी हितनं हलत न्हाय." खोटा राग मला लगेच कळतो. हा खरा होता. नव्या कायद्यात अशा तक्रारीची आधी प्राथमिक चौकशी करता येते. सहायक आयुक्तांची परवानगी घेऊन मी म्होरक्याकडून एका दिवसाची मुदत मागितली. कुरकुरत का होईना, त्याने ती दिली.

मुलगी सांगोल्याकडच्या मेंढपाळाची, कायद्याच्या शेवटच्या वर्षाला. तिला न्यायाधीश व्हायचे होते. गुन्हा नोंदला असता तर पुढे प्रत्येक चारित्र्य पडताळणीत तो आडवा आला असता. स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात बोलावता येत नाही, म्हणून महिला हवालदारांना घेऊन मीच वसतिगृहात गेलो. चित्रफितीचे ऐकून तिचे वडील आधीच दारात येऊन बसले होते. "साहेब, पोरगी बोलती लई, पन खोटं न्हाय बोलत. तिचं शिक्षान तेवढं वाचवा की."

मुलगी मात्र शांत होती. "शब्द माझेच आहेत सर. पण मत माझं नाही." मग तिने त्यांच्या अभ्यास मंडळाची रीत सांगितली. तिथे कुणाचे म्हणणे खोडायचे असेल तर आधी ते त्याच्यापेक्षा चांगले मांडून दाखवायचे. समोरच्याने उभे राहून "होय, हेच माझं म्हणणं" अशी कबुली दिली, की मगच उत्तर द्यायचे. जुन्या शास्त्रार्थात याला पूर्वपक्ष म्हणत. खिडकीबाहेरून कुणीतरी नेमका तेवढाच भाग टिपून पुढे ढकलला होता.

"मग समोरचा कोण होता?" मी विचारले.

"ते नाही सांगणार."

मी आवाज चढवला, समजावले, पडताळणीची भीती घातली. ती खाली मान घालून बसली, पण नाव सांगेना. मंडळातल्या बाकीच्यांना विचारले तर तीच तऱ्हा. दरोडेखोरांच्या टोळीतही मी एवढी एकी पाहिली नव्हती. ती निर्दोष आहे असे सगळे सांगत होते, पण मित्रांची साक्ष मोर्चा कशाला मानेल? मला त्या चर्चेत तिच्याशी वाद घातलेला साक्षीदार हवा होता. बाप हात जोडून म्हणाला, "सांग की गं बाई!" तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी आले. "आबा, मी नाव सांगितलं तर मोर्चा त्याच्या घरावर जाईल. त्याचं मत चूक आहे, पण तो गुन्हेगार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी एक मुलगा आपणहून ठाण्यात आला. बाप रिक्षा चालवणारा, मुसलमान घर. ती गप्प का होती ते मला तिथेच उमजले. तो घामाघूम झाला होता. "साब, वो बात मेरी थी. मेरे से अच्छा बोली उसने. और बाद में मेरेकू ऐसा गिराई की सब ताली बजाए!" इतक्या ताणातही मला हसू आले.

मी त्याचा जबाब घेतला. मग त्या मुलाच्या संमतीनेच त्याला आणि म्होरक्याला वसतिगृहाच्या कार्यालयात नेले. मुलीला म्हटले, आता राहिलेला भाग बोल. ती बोलली. उपाशी माणसाने भाकरी मागायची ती तोंडानेच, मग ते तोंडच बांधले तर भाकरी कुठून येणार, असा तिचा मुद्दा होता. म्होरक्याने खुर्ची तिच्याकडे ओढली. मग म्हणाला, "ताई, आमच्या वस्तीत येऊन बोलशील का हे?" आणि मुलाकडे वळून, "तू बी ये. तुझं बी सांग. पन उत्तर ऐकायला थांबायचं, काय?"

तक्रार नसल्याचे त्याने लिहून दिले. गुन्ह्याचे घटक आढळत नाहीत असा अहवाल मी पाठवला आणि घरी जाऊन पोटभर जेवलो. बायकोने विचारले, "आज बढती मिळाली की काय?"

कुणाचेही म्हणणे शेवटपर्यंत ऐकावे, हे या प्रकरणाने शिकवलेच. पण मनात राहिले ते वेगळेच. आपल्या माणसाला वाचवायला तोंड बंद ठेवणारे मी पुष्कळ पाहिले. ज्याचे म्हणणे मुळीच पटत नाही, अशा माणसासाठी स्वतःचे भवितव्य पणाला लावणारी मी ही एकटीच पाहिली.