आईले सांगू नका

आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की सुतक फिटेपर्यंत वरणाला फोडणी देत नाहीत. घरची चूल बंद असते, भावकीतून भाकरी आणि पिवळं पाणचट वरण येतं, तेच गिळायचं. माझा भाऊ गेला त्या संध्याकाळी आईपुढे जे ताट आलं त्यात मात्र फोडणीचं वरण होतं. लसूण, लाल मिरची, हिंग, सगळं जिथल्या तिथे. माझ्या माहेरच्या माणसांनी आजवर इतका विचार करून केलेली दुसरी गोष्ट मला आठवत नाही.

दादाचं शिरपूरला मोटारी भरायचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळालेल्या मोटारी उघडायच्या, तांब्याची तार नव्याने गुंडाळायची, हे त्याचं काम. सकाळी दुकानाला निघताना तो आपल्या घराच्या पायरीवर बसला आणि तिथेच कलंडला. वाशिमला नेईपर्यंत संपलं होतं. तो, वहिनी आणि त्यांची शाळेत जाणारी मुलगी रस्त्याकडेच्या नव्या घरात राहायचे. आई गावातल्या जुन्या घरात एकटी, स्वतःच्या हट्टाने. रोज संध्याकाळी तो तिच्याकडे जायचा, अर्धा तास बसायचा, बहुतेक काही न बोलता. मागच्या वर्षी अकोल्याला तिच्या हृदयात स्टेंट टाकला होता. एवढं निमित्त माझ्या चुलतभावाला पुरलं.

चुलतभाऊ आमच्या घराण्याचा वक्ता. एकदा सरपंच होता, पुन्हा काहीतरी व्हायचं आहे. गेल्या हिवाळ्यात त्याने शाळेच्या मैदानावर एक व्याख्यान ठेवलं होतं, 'घरातला संवाद' या विषयावर. मी योगायोगाने माहेरी होते, आईला घेऊन गेले. पाहुणे बाहेरचे, त्यांचं बोलणं मी विसरले. आभार मात्र चुलतभावाने मानले, ते आठवतात. आपण घरात एकमेकांशी मोकळेपणाने बोलत नाही, दुःख दाबून ठेवतो, असं म्हणताना त्याचा आवाज भरून आला. त्याने चष्मा काढून डोळे पुसले आणि पुन्हा चष्मा लावण्याआधी फोटो काढणाऱ्याकडे पाहिलं. बाया पदर डोळ्याला लावत होत्या. आई मला म्हणाली, "याचा बाप मेला तव्हा हा पंगतीतल्या बुंदीवरून भांडत होता."

त्या सकाळी मला अमरावतीला फोन केला तो त्यानेच.

"ताई, दादा गेला. लवकर निंघ. पन आईले काही सांगू नको. फोन बी करू नको तिले."

मला पहिलं वाक्य नीट ऐकूच आलं नव्हतं आणि तो दुसऱ्या-तिसऱ्यावर पोचला होता.

"तिचा लेक गेला," मी म्हटलं. "तिलेच नाही सांगाचं?"

"म्हनूनच तं. तिले सहन होनार नाही. मी जबाबदारी घेतली हाय."

"डॉक्टरले विचारलं काय?"

"डॉक्टरले काय विचाराचं त्याच्यात? माया नावाची गोष्ट असते मानसाले. तू पुस्तकातली बाई, तुले नाही समजनार."

बसमध्ये बसल्यावर मी मोबाईल उघडला. कुटुंबाच्या ग्रुपवर दादाचा फोटो आला होता, भोवती फुलांची तयार चौकट, खाली भावपूर्ण श्रद्धांजली. त्याखाली टीप: 'मातोश्रींना ही दुःखद वार्ता अद्याप कळविलेली नाही. कृपया कोणीही त्यांना फोन करू नये.' टिपेखाली जोडलेल्या हातांची रांग लागली होती. कोणीतरी 'योग्य निर्णय' असं लिहिलं होतं. एका मामेभावाने वरचं काहीच न वाचता गुलाबाचं फूल आणि शुभ सकाळ पाठवली होती. शेजारच्या मालेगावला माहीत होतं, केनवडला माहीत होतं, पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यांना माहीत होतं. ज्या बाईने त्याला जन्म दिला तिच्यापासून बातमी लपवायला हवी, ही सूचना सगळ्या जिल्ह्याला देऊन झाली होती.

माझ्यासाठी ते थांबले नाहीत. श्रद्धांजलीला येणाऱ्या नेत्यांना पुढे दुसरीकडे एका लग्नाला जायचं होतं. मी उतरले तेव्हा तिरडी रस्त्यावर आली होती. विसाव्याला खाली ठेवली तेवढ्यात मला त्याचं तोंड दिसलं. दाढी केलेली नव्हती. कोणीतरी मला बाजूला घेतलं, बायांनी इथून परत फिरायचं असतं. लोक नाल्याकाठच्या स्मशानाकडे गेले आणि मी आईकडे.

आई खाटेच्या कडेवर बसली होती. धुतलेलं पांढरं पातळ नेसली होती, केस विंचरलेले, चपला खाटेजवळ जोडून ठेवलेल्या. शेजारी काकू, म्हणजे चुलतभावाची आई, पहाऱ्याला. समोर टीव्ही मोठ्या आवाजात. मी दिसताच काकूने डोळे मोठे करून मला खूण केली आणि मोठ्याने म्हणाली, "आली काय? पाह्य, दादाले अकोल्याले भरती केलं. बारीकसं हाय. दोन दिवसात येते घरी."

आईने माझ्याकडे पाहिलं. काही विचारलं नाही.

थोड्या वेळाने नाल्याकडून माईक सुरू झाला. आमच्याकडे आता अग्नी दिला की लगेच भाषणं होतात. कापराच्या डब्यासोबत स्पीकरही जातो, प्रेत जळत असतं आणि एकेक जण पुढे येऊन तो मृताला किती जवळचा होता ते सांगतो. पहिला आवाज चुलतभावाचा. मंचावर त्याची भाषाच बदलते, 'मले' गळून 'मला' येतं. "अत्यंत मनमिळाऊ, कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व आज आपल्यातून..." काकूने रिमोट घेतला आणि टीव्हीचा आवाज वाढवला. टीव्हीवर चार माणसं चार चौकटींत ओरडत होती. कोणाच्या तरी भावना दुखावल्या होत्या. कोणाच्या ते मला शेवटपर्यंत कळलं नाही, पण चौघेही भयंकर दुखावलेले होते. माईकवर नेते आले तसा काकूने आवाज आणखी वाढवला. माझा मनमिळाऊ भाऊ! तो लोकांशी तुटक बोलायचा. मोटारीशी मात्र बोलायचा. त्याच्याविषयी एकही खरं वाक्य त्या नाल्यावर उच्चारलं गेलं नाही, आणि खोट्यांचा आवाज थेट आईच्या खोलीत येत होता.

माईक थांबला. दोन मिनिटं स्तब्धता असणार. काकूने हायसं वाटून टीव्ही बारीक केला.

अंधारायच्या आधी ताट आलं. काकूला भावकी म्हणून सुतक, ती फोडणी कशी देणार? धर्म मोडेल. म्हणून तिने शेजारच्या परजातीच्या बाईकडून वरण करून आणलं होतं. म्हणजे खोटं बोलायला हरकत नव्हती, फक्त हिंगाला आपला हात लागायला नको. हिंगाचा वास खोलीभर झाला. आईने ताटाकडे पाहिलं आणि ते हातानेच मागे सारलं.

"मले बिनफोडनीचं आन."

"काहून वं जाऊबाई? तोंडाले चव येईन."

"आज चव कायले पायजे?" आई म्हणाली.

काकू माझ्याकडे पाहू लागली. मी उठून टीव्ही बंद केला.

"आई, दादा गेला," मी म्हटलं.

"कव्हा?"

"सकाळी. दुकानाले निंघता निंघता."

"अन् आत्ता जाळून बी आले."

मी मान हलवली. काकूने पदर तोंडाला लावून हेल काढायला सुरुवात केली. दिवसभर दाबून ठेवलं होतं बिचारीने. आई तिला म्हणाली, "तू चूप राह्य," आणि ती खरंच गप्प झाली.

"सकाळीच समजलं मले," आई माझ्याकडे पाहत म्हणाली. "बारीकसं असतं तं भावकीतले चार जन माह्या दारात कायले आले असते, मान खाली घालून? मी पातळ बदललं. म्हतलं, बलावतीन आता. दुपार झाली, म्हतलं, बलावतीन. मंग माईक सुरू झाला."

"विचारलं काहून नाही तू?"

"खोटं सांगतलं असतं ना यायनं. लेक मेला त्या दिवशी आपल्याच मानसायचं खोटं कायले आयकू मी? तोंड पाह्याचं होतं त्याचं. बस. दुसरं काय मांगत होती?"

ती रडली नाही. तिचं हृदय थांबलंही नाही. ज्या धक्क्यासाठी एवढा बंदोबस्त केला होता तो धक्का तिने त्यांच्या डोळ्यांसमोर, टीव्हीच्या आवाजात, सरळ बसून एकटीने सोसला होता. तिला सोसवलं नाही ते दुसरंच. आपल्याला कोणी बोलावलं नाही, हे.

तिने चपला घातल्या आणि वहिनीकडे निघाली. वाटेत, पाराजवळ, चुलतभाऊ आंघोळ करून ओल्या केसांनी येताना भेटला. आईला पाहून तो थबकला, मग माझ्यावर घसरला.

"तू सांगतलं? कोन म्हतलं तुले? आमी ठरवलं होतं ना, दहाव्याले सगळे बसले असतीन तव्हा, दोन मोठी मानसं समोर ठिवून, हळूहळू..."

"बाबू," आई म्हणाली, "भाषन बेस केलं तू. घरात बसून आयकू येत होतं."

मोठी माय, तुमच्या तब्येतीसाठीच, तुमच्या मायेपोटीच, असं तो मागून बोलत राहिला. आम्ही चालत राहिलो.

नव्या घरात बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या. आईला पाहताच त्यांनी एकदम गळा काढला. आई त्यांच्यामधून वाट काढत वहिनीजवळ जाऊन बसली. वहिनीने तिचे दोन्ही हात धरले. "मी लय म्हतलं, आईले आना. मले म्हतले, त्यायले काही झालं तं तुया मुंडक्यावर येईन. एक गेला, आता दुसरं बी पाह्यतं काय म्हने." म्हणजे नवरा गेलेल्या बाईला त्यांनी सासूच्या मरणाची भीती घालून गप्प केलं होतं. आणि याला ते माया म्हणत होते.

"सकाळी खाल्लं काय त्यानं?" आईने विचारलं.

"चहा पेले. पोहे ठिवले होते, आल्यावर खाईन म्हतले."

"पायरीवर बसला तं काही म्हनला?"

"किल्ली मांगतली दुकानाची."

बाया रडायच्या थांबून ऐकू लागल्या. त्या दोघी खूप वेळ अशाच बोलत राहिल्या, सदरा कोणता होता, आंघोळ कोणी घातली, दाढी का नाही केली. अख्ख्या दिवसात माझ्या भावाविषयी बोलणाऱ्या मला या दोघीच भेटल्या.

तिसऱ्या दिवशी राख सावडायची होती. बायांनी जायचं नसतं. आई सकाळीच तयार होऊन उभी राहिली. चुलतभाऊ म्हणाला, रीत नाही, लोक काय म्हणतील. आई म्हणाली, "तोंड तुमी दाखवलं नाही. राख बी झाकून ठिवता काय?" त्यावर भावकीतल्या म्हाताऱ्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि वाट दिली. आई, वहिनी आणि मी, तिघी नाल्यावर गेलो.

राख पांढरी पडली होती. पुरुष दूध, पाणी, नवं मडकं घेऊन उभे होते. आईने विचारलं, "डोकं कोन्या बाजूले होतं?"

चुलतभावाने अग्नी दिला होता. दादाला मुलगा नाही म्हणून तो मान त्याच्याकडे गेला होता. तो म्हणाला, इकडे, नाल्याकडे. एक काका म्हणाला, छे, डोकं तिकडे होतं, बाभळीकडे. तिसरा म्हणाला, मी या अंगाला उभा होतो, मला पाय दिसत होते. मग चौथ्याला आठवलं की सगळ्याचा व्हिडिओ आहे. चुलतभावाने मोबाईल काढला. सगळे त्याच्याभोवती जमले, उन्हात पडद्यावर हाताची सावली धरून. त्याचाच आवाज पुन्हा सुरू झाला, कुटुंबवत्सल व्यक्तिमत्त्व. चित्रात तो होता, त्याच्या मागे नेते, नेत्यांच्या मागे माणसं. त्याने बोटाने पुढे सरकवलं. दुसरा वक्ता आला, तिसरा आला. सरण त्या चित्रात कुठेच नव्हतं. कडेला थोडा धूर होता.

"थांबा, अजून एक हाय," तो म्हणाला आणि दुसरा व्हिडिओ शोधू लागला.

आई थांबली नाही. ती खाली बसली, पदर खोचला आणि राखेच्या बरोबर मधोमध हात ठेवला. डोकं नाल्याकडे असो की बाभळीकडे, तिथे त्याची छातीच असणार होती. वहिनी तिच्याजवळ बसली. पुरुष मोबाईलवर वाकलेले होते, आणि आम्हाला तिथे कोणी काही बोललं नाही.